टॉर्नेडोच्या पट्ट्यात राहताना: घरी भूमिगत शेल्टर कसं बसवायचं

ओक्लाहोमा सिटी, टल्सा, विचिटा, डॅलसची उपनगरं, बेंटनव्हिल. या पट्ट्यात आता मराठी घरं बरीच झाली आहेत. घर घेताना आपण शाळा बघतो, ऑफिसचं अंतर बघतो, गणपतीला हॉलमध्ये किती माणसं मावतील तेही बघतो. टॉर्नेडो आला तर जायचं कुठे, हा प्रश्न मात्र पहिल्या एप्रिलमध्ये सायरन वाजल्यावर पडतो. तोवर क्लोजिंग (घरखरेदीचे शेवटचे कागद) होऊन गेलेलं असतं आणि घराला तळघर नाही हे तेव्हा लक्षात येतं. ओक्लाहोमा आणि उत्तर टेक्सासमधली बहुतेक घरं चिकणमातीवर ओतलेल्या काँक्रीटच्या सपाट स्लॅबवर उभी असतात. खाली काहीही नसतं.

आधी धोक्याचं माप नीट घेऊ. टॉर्नेडोची तीव्रता ईएफ-० ते ईएफ-५ अशा दर्जांत मोजतात. बहुसंख्य टॉर्नेडो ईएफ-० किंवा ईएफ-१ दर्जाचे, म्हणजे ताशी ११० मैलांपर्यंतच्या वाऱ्याचे असतात. त्यांच्यासाठी घराच्या मधोमधची, खिडकी नसलेली क्लोझेट किंवा बाथरूम बहुतेक वेळा पुरते. शेल्टर लागतं ते वरच्या दर्जांसाठी. ओक्लाहोमातल्या ब्रिज क्रीक आणि मूर या गावांतून गेलेल्या ३ मे १९९९ च्या टॉर्नेडोत फिरत्या डॉपलर रडारने ताशी ३०० मैलांच्या आसपास वारा मोजला. त्या टॉर्नेडोने ३६ जणांचा बळी घेतला. २० मे २०१३ ला मूरमधून पुन्हा टॉर्नेडो गेला, ईएफ-५ दर्जाचा, आणि २४ माणसं दगावली, त्यात प्लाझा टॉवर्स शाळेतली सात मुलं होती. अशा वाऱ्यात भिंतीच नव्हे, फरशीवरचं सगळं घर उडून जातं आणि नुसता स्लॅब उरतो. तिथे क्लोझेटचा उपयोग नाही.

पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते हसून विचारतात, ‘बंकर बांधताय काय?’ आकाराने बंकरच म्हणायचा, पण लागतो थोड्याच वेळासाठी. दहा-वीस मिनिटं, फार तर तासभर, सगळ्यांनी दाटीवाटीने बसायची ती जागा आहे. हे डोक्यात पक्कं असलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

आधी ठरवा: जमिनीखाली हवं की जमिनीवर?

‘भूमिगत म्हणजे जास्त सुरक्षित’ असं सगळेच धरून चालतात. नीट चाचणी झालेली, स्लॅबला बोल्टने जखडलेली जमिनीवरची पोलादी सेफ रूमही तेवढाच वारा झेलते. खरा फरक पडतो तो आत पोहोचायला लागणाऱ्या वेळात. टॉर्नेडो वॉर्निंग आणि प्रत्यक्ष टॉर्नेडो यांच्यात सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. कधी त्याहून बराच कमी, कधी अजिबात नाही.

आता आपल्या घरांमधली एक गोष्ट. आई-बाबा भारतातून येतात ते बहुधा एप्रिल-मेमध्ये, तिकडचा उन्हाळा चुकवायला. टॉर्नेडोचा भर एप्रिल ते जून. म्हणजे घरात गुडघेदुखीचं माणूस नेमकं त्याच महिन्यांत असतं. गॅरेजच्या फरशीतल्या शेल्टरचा जिना जवळजवळ शिडीसारखा उभा असतो, पायऱ्या अरुंद, धरायला एखादाच बार. पासष्ट-सत्तरीच्या माणसाला रात्री दोन वाजता, झोपेतून उठवून, लाइट गेलेले असताना तिथे उतरवून बघा. शोरूममध्ये जाल तेव्हा आईला सोबत न्या आणि प्रत्यक्ष चढ-उतार करायला लावा. जमत नसेल तर जमिनीवरची सेफ रूम घ्या आणि खड्ड्याचा विचार सोडून द्या. शेल्टर कोणतं घ्यायचं हे घरातलं सगळ्यात सावकाश चालणारं माणूस ठरवतं, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हीलचेअर असेल तर प्रश्नच नाही.

खाली जायचं ठरलंच तर दोन जागा असतात. एक, बॅकयार्ड: तिथे काँक्रीटचं किंवा फायबरग्लासचं शेल्टर पुरतात, वर मातीचा उंचवटा आणि तिरकं दार दिसतं. जागा ऐसपैस, पायऱ्याही जरा बऱ्या. पण टेनिस बॉलएवढ्या गारा पडत असताना मुलाला कडेवर घेऊन अंगणातून तिथवर पळायचं असतं. दोन, गॅरेजची फरशी: स्लॅब कापून पोलादी पेटी खाली बसवतात, वर सरकतं झाकण, त्यावर गाडी उभी राहते. घराबाहेर पाऊल टाकावं लागत नाही. चालत्या पायांच्या कुटुंबासाठी मी गॅरेजलाच कौल देईन. दाराची जागा मात्र अशी आखून घ्या की गाडी उभी असतानाही समोरून किंवा बाजूने उतरता येईल. ‘आधी गाडी बाहेर काढू’ याला वेळ नसतो.

जमिनीचा अभ्यास

फीमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या पूर-नकाशावर पत्ता टाकून बघा. घर पूररेषेत येत असेल तर भूमिगत शेल्टर बाद. टॉर्नेडो आणि ढगफुटीसारखा पाऊस हातात हात घालून येतात. ३१ मे २०१३ च्या एल रीनोच्या वादळात ओक्लाहोमा सिटी परिसरात पावसाच्या पाण्याच्या मोऱ्यांमध्ये आसरा घेतलेली माणसं लोंढ्यात वाहून गेली होती.

पूररेषेबाहेर असलात तरी भूजल किती खोल आहे ते शेजाऱ्यांना आणि स्थानिक कॉन्ट्रॅक्टरला विचारा. ओल्या जमिनीत पुरलेली रिकामी पेटी तरंगू पाहते. भरल्या हौदात रिकामी घागर दाबून धरा म्हणजे कळेल. हिशोबच करू. पेटी ४ फूट रुंद, ७ फूट लांब, ५ फूट खोल धरली तर आकारमान १४० घनफूट. एक घनफूट पाणी ६२.४ पौंडांचं. म्हणजे पेटीभोवती काठोकाठ पाणी साचलं तर तिला वर ढकलणारा जोर सुमारे ८,७०० पौंड, जवळजवळ चार टन. पोलादी पेटीचं स्वतःचं वजन त्याच्यापुढे फारच थोडं असतं. उरलेला जोर भोवती ओतलेल्या काँक्रीटने आणि त्यात रुतलेल्या अँकरांनी पेलायचा असतो. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला हा प्रश्न सरळ विचारा: ‘पेटी वर येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?’ उत्तरात काँक्रीट किती, अँकर कुठे, हे आलं पाहिजे. ‘आजवर एकही वर आली नाही’ हे उत्तर नव्हे.

मातीचंही बघायला हवं. डॅलसपासून सॅन अँटोनिओच्या दिशेने जाणारा ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचीच जात. तिथेही कापूसच पिकायचा. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यात गाडलेल्या प्रत्येक गोष्टीला वर्षभर ढकलत-ओढत राहते. यवतमाळला काळ्या रानात घर बांधलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अशा जमिनीत पातळ पत्र्याची किंवा जोडांवर नुसतं सील लावलेली पेटी काही वर्षांत पाझरायला लागते. सलग वेल्डिंग आणि गंजरोधक लेप याला तडजोड नको.

स्लॅब कापण्याआधी

हा भाग घाईने वाचू नका. उत्तर टेक्सासमधल्या बहुतेक नव्या घरांचा स्लॅब पोस्ट-टेन्शन असतो, म्हणजे काँक्रीटच्या पोटात पोलादी केबल प्रचंड ताण देऊन ओढून ठेवलेल्या असतात. चालू करवतीखाली अशी केबल तुटली तर ती उसळून काँक्रीट फोडून बाहेर येऊ शकते. माणूस जखमी होतो आणि घराच्या पायाची ताकद कमी होते. गॅरेजच्या फरशीवर, बहुधा मोठ्या दारापाशी, ‘पोस्ट-टेन्शन स्लॅब, कापू नये’ असा ठसा उमटवलेला असतो. तो शोधा. सापडला नाही म्हणून केबल नाहीत असं समजू नका; बिल्डरकडून किंवा सिटीच्या परमिट ऑफिसातून पायाचा नकाशा मिळवा. केबल असतील तर रडारने स्लॅब स्कॅन करून त्यांच्या जागा आखाव्या लागतात आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती हवी. काही घरांत दोन केबलांच्या मध्ये पेटी बसते, काहींत बसतच नाही. जमिनीवरच्या सेफ रूमसाठी बोल्टची भोकं पाडतानाही हाच धोका असतो, हे अनेक जण विसरतात.

दुसरं, भिंतीपासूनचं अंतर. पायाच्या तळापासून खाली ४५ अंशात रेघ ओढली तर तिच्या आतली माती घराचा भार वाहत असते. तिथे खणलं की भिंत बसण्याचा धोका. म्हणून पेटी गॅरेजच्या मधोमध घेतात, भिंतीला चिकटून नाही. बायकोला फ्रीजरसाठी आणि नवऱ्याला अवजारांसाठी जागा हवी म्हणून ती भिंतीकडे सरकवू नका.

तिसरं, ८११. अमेरिकेत कुठेही खणण्याआधी हा नंबर फिरवायचा, फुकट असतो. काही कामाचे दिवस आधी सांगावं लागतं. किती, ते राज्यागणिक बदलतं. मग माणसं येऊन जमिनीवर रंग मारून जातात: लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज, नारिंगी फोन-केबल. पण ते फक्त युटिलिटी कंपन्यांच्या लाइन आखतात. मीटरच्या पलीकडे तुमच्या मालकीचं जे काही आहे, म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप, बार्बेक्यूपर्यंत नेलेली गॅस लाइन, शेडला दिलेली वीज, त्यावर ते रंग मारत नाहीत. त्यासाठी खासगी लोकेटर बोलवावा लागतो. बॅकयार्ड शेल्टरच्या बाबतीत घोळ होतो तो बहुतेक इथेच. सेप्टिक टँक असेल तर त्याची जागाही आधीच शोधून ठेवा. आणि जड काँक्रीट शेल्टर घेत असाल तर वरच्या वीजतारा बघा, कारण ते क्रेनने उतरवतात आणि तो ट्रक कुंपण ओलांडून आत यायला हवा.

काय विकत घ्यायचं

विक्रेता ‘फीमा अप्रूव्हड’ म्हणाला की सावध व्हा. फीमा कोणत्याही शेल्टरला मान्यता देत नाही, प्रमाणपत्र देत नाही. फीमा मार्गदर्शन प्रकाशित करते. घरगुती शेल्टरसाठीच्या पुस्तिकेचा क्रमांक पी-३२०. बांधणीचं मानक आहे आयसीसी ५००. टॉर्नेडोच्या सगळ्यात कडक विभागासाठी त्यात ताशी २५० मैल, म्हणजे साधारण ४०० किलोमीटर वारा धरलेला आहे. वाऱ्याइतकाच घातक असतो उडून येणारा मलबा. म्हणून चाचणीत १५ पौंडांचा दोन-बाय-चार लाकडी वासा तोफेतून भिंतीवर आणि दारावर ताशी १०० मैलांनी मारतात, छतावर आणि आडव्या झाकणावर ६७ मैलांनी. हे काम वर्षानुवर्षं करणारी नावाजलेली प्रयोगशाळा लबकच्या टेक्सास टेक विद्यापीठात आहे. मे १९७० मध्ये खुद्द लबकलाच मोठ्या टॉर्नेडोने झोडपलं, तिथून त्यांच्या संशोधनाला सुरुवात झाली.

विक्रेत्याकडे चाचणीचा अहवाल मागा आणि त्यात एकच गोष्ट शोधा: चाचणी दारासकट, कुलूप-बिजागऱ्यांसकट, पूर्ण जोडलेल्या शेल्टरची झाली आहे का? नुसता पत्रा टिकला याला अर्थ नाही. दार हाच कच्चा दुवा असतो. २०१४ मध्ये अर्कान्सामधल्या व्हिलोनियाला घरातल्या सेफ रूमचं दार टिकलं नाही आणि आत आसरा घेतलेल्या व्यक्तीचा जीव गेला. उभ्या दाराला किमान तीन बिजागऱ्या आणि तीन ठिकाणी अडकणारे बोल्ट हवेत, आणि ते सगळे चाचणी झालेल्या जोडणीतलेच. दुकानातून आणलेलं ‘भक्कम’ पोलादी दार चालत नाही. नॅशनल स्टॉर्म शेल्टर असोसिएशनचं सील असेल तर उत्तम. तरी अहवाल स्वतः वाचा.

सरकत्या झाकणाचा फायदा असा की वर मलबा पडला तरी ते बाजूला सरकू शकतं. वर उघडणाऱ्या झाकणावर गाडी किंवा छप्पर बसलं तर ते हलत नाही. तरी सरकतं झाकणही वाकून अडकू शकतं. म्हणून आतून ढकलायला हायड्रॉलिक जॅक किंवा हाताने फिरवायची विंच कायम आतच ठेवा. काही कंपन्या देतात, काहींकडे वेगळी घ्यावी लागते.

आकाराचा हिशोब माणशी ३ चौरस फूट असा धरतात. त्यानुसार ४ बाय ७ च्या पेटीत नऊ माणसं कागदावर बसतात. प्रत्यक्षात सहा बसली की गुडघ्याला गुडघा लागतो. आई-बाबा आणि शेजारचं एखादं कुटुंब धरून एक माप मोठंच घ्या. हवेची भोकं एकाहून जास्त आणि मलब्याने बुजणार नाहीत अशी संरक्षित हवीत.

पैसे आणि कागद

गॅरेजमधल्या पेटीचा खर्च हल्ली बसवण्यासकट साधारण चार ते सात हजार डॉलर, मोठ्या बॅकयार्ड शेल्टरचा त्याहून जास्त. खणलेली माती कोण उचलणार हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आठ-दहा क्युबिक यार्ड माती निघते, बाहेर आल्यावर ती फुगते, आणि ड्राइव्हवेवर ढीग टाकून निघून जाणारे महाभाग असतात.

सवलतीचं गणित असं की फीमा तुम्हाला थेट चेक देत नाही. पैसा राज्यामार्फत येतो. ओक्लाहोमात सूनरसेफ नावाची योजना राबवली गेली, तिच्यात लॉटरीने नावं निघायची. डॅलस-फोर्ट वर्थ भागातही प्रादेशिक पातळीवर अशीच योजना राबवली गेली. सध्या काय चालू आहे ते आधी विचारा. सगळीकडचा सामायिक नियम एकच: मंजुरीचं पत्र हातात पडण्याआधी काम सुरू केलंत तर पैसे मिळत नाहीत. पण लॉटरीची वाट बघत तीन वसंत काढायचे का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी थांबणार नाही.

सिटीचं परमिट काढा, बॅकयार्ड असेल तर एचओएची, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचीही, लेखी परवानगी घ्या. मोठा टॉर्नेडो होऊन गेल्यावर पुढच्या महिन्यांत नवेनवे कॉन्ट्रॅक्टर उगवतात. तेव्हा घाई करू नका. काम ऑक्टोबर ते जानेवारीत काढलं तर भावही बरा मिळतो आणि माणसंही मोकळी असतात.

बसवण्याचा दिवस

गॅरेजचं काम बहुधा एका दिवसात उरकतं. आदल्या रात्री गॅरेज पूर्ण रिकामं करा आणि घरात उघडणाऱ्या दाराला प्लास्टिक चिकटवा, नाहीतर काँक्रीटची धूळ देवघरापर्यंत जाते. सकाळी पाण्याच्या धारेखाली करवतीने स्लॅब चौकोनी कापतात. करड्या गाळाचे ओघळ ड्राइव्हवेवर जातात. ते ओले असतानाच धुऊन घ्यायला सांगा. मग छोटा एक्स्कॅव्हेटर आत येतो आणि खणायला लागतो. खड्डा पाच फुटांच्या पुढे गेला की कडा ढासळण्याचा धोका असतो, तेव्हा मुलांना आसपास फिरकू देऊ नका, आणि आधार न देता कामगार खाली उतरत असेल तर काम थांबवा.

तुम्ही स्वतः हजर राहायचं ते पेटी उतरवण्याच्या वेळी. तळ सपाट केलाय का बघा. पेटी आत गेल्यावर स्पिरिट लेव्हल लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे लावून घ्या, कारण पेटी जराही तिरकी बसली तर झाकण रुळावर जड सरकतं आणि तुमच्या सासूबाईंना ते ओढणार नाही. झाकणाची कड स्लॅबच्या पातळीला किंवा केसभर वर हवी. खाली राहिली तर पावसातून आलेल्या गाडीचं पाणी थेट आत. भोवतालच्या फटीत काँक्रीट ओतण्याआधी अँकरांचे फोटो काढून ठेवा. इन्स्पेक्टर कोणत्या टप्प्यावर येणार हे सिटीला आधीच विचारलेलं बरं. काही ठिकाणी ओतण्याआधीची तपासणी लागते. सगळं झाल्यावर झाकण दहा वेळा उघडा-बंद करा, आतून आणि बाहेरून, आणि घरातल्या प्रत्येकाकडून करून घ्या. गाडी वर कधी आणायची ते कॉन्ट्रॅक्टर सांगेल तसंच.

बसवून झाल्यावर

त्याच आठवड्यात शेल्टरची नोंदणी करा. ओक्लाहोमा सिटी, मूर अशा अनेक ठिकाणी अग्निशमन दलाकडे किंवा सिटीकडे शेल्टरची यादी असते. घर कोसळून गल्लीच ओळखू येईनाशी झाली तर त्या यादीवरून लोकांना शोधतात. गावात यादी नसेल तर पत्ता, शेल्टरची नेमकी जागा आणि अक्षांश-रेखांश दोन नातेवाइकांना पाठवून ठेवा, त्यातला एक तरी दुसऱ्या शहरातला असू द्या.

आत काय ठेवायचं याच्या लांबलचक याद्या फिरत असतात. मला महत्त्वाची वाटतात ती बंद बूट, हेल्मेट आणि शिट्टी. बूट यासाठी की बाहेर येताना सगळीकडे खिळे आणि काचा असतात. हेल्मेट सायकलचं, क्रिकेटचं, कुठलंही. याशिवाय पाणी, टॉर्च, रोजच्या गोळ्यांचा एक संच, पॉवर बँक, लहान मुलांचे डायपर. पासपोर्ट, व्हिसा आणि ओसीआयच्या प्रती जाड पिशवीत. पोलादी पेटीत मोबाइलची रेंज बऱ्याचदा जाते म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ हवाच. मेणबत्ती, स्टोव्ह, जनरेटर आत कधीही नाही. गॅरेजमध्ये पेट्रोलचे कॅन असतील तर ते शेडमध्ये हलवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि नेमकी खाली उतरते.

वॉच आणि वॉर्निंग यांतला फरक आई-बाबांनाही समजावून ठेवा. वॉच म्हणजे वातावरण अनुकूल आहे: झाकण उघडून बघा, बूट जवळ घ्या, गुडघेवाल्यांना गॅरेजजवळच्या खोलीत बसवा. वॉर्निंग म्हणजे आत चला, कुकरखालचा गॅस बंद करा, बाकी काही नाही. सायरनवर विसंबू नका. तो घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, बंद खिडक्यांच्या आत एसीच्या आवाजात ऐकू येईलच असं नाही. शिवाय ओक्लाहोमा सिटीत दर शनिवारी दुपारी बाराला त्याची चाचणी होते, त्यामुळे नवख्याला घाबरायला आणि जुन्याला दुर्लक्ष करायला सवय लागते. सराव एकदा दिवसा आणि एकदा रात्री लाइट बंद करून घ्या, घड्याळ लावून. पाच मिनिटांच्या आत सगळे खाली आणि झाकण बंद, हे जमायला हवं.

दरवर्षी फेब्रुवारीअखेर, सीझनच्या आधी, एक शनिवार यासाठी द्या. रूळ साफ करून वंगण, सील फाटलंय का, गंजाचे डाग कुठे, तळाशी पाणी आहे का. थोडी ओल ही पेटीच्या गार पत्र्यावर जमलेल्या बाष्पाचीही असते. झाकण उघडं ठेवून दोन दिवसांत सुकली नाही तर पाझर समजा आणि वॉरंटीत असतानाच बोलवा. कोपऱ्यांत टॉर्च मारा: ब्राउन रिक्लूज आणि ब्लॅक विडो हे दोन्ही विषारी कोळी या भागात असतात आणि त्यांना अंधारी, कोरडी, कुणी न जाणारी जागा आवडते. गोळ्यांची मुदत आणि टॉर्चचे सेल त्याच दिवशी बदलून टाका. परमिट, चाचणीचा अहवाल आणि अँकरांचे फोटो घराच्या क्लोजिंगच्या फाइलमध्ये ठेवा. घर विकताना पुढचा मालक हीच कागदपत्रं मागणार आहे.